पहिलं पाणी मातीला

आमच्या देवळाच्या सॅक्रिस्टीत, म्हणजे वेदीमागच्या तयारीच्या खोलीत, दोन सिंक आहेत. एक नेहमीचं, फुलदाण्या आणि चहाचे कप धुवायचं. दुसरं लहानसं, लाकडी झाकणाचं. त्याचा पाइप गावाच्या ड्रेनेजला जोडलेलाच नाही. तो भिंतीतून उतरतो आणि देवळाखालच्या मातीत सुटतो. प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या विधीच्या, कापडांचं पहिलं पाणी इथे ओतायचं. प्याला पुसताना रुमालात उतरलेला द्राक्षारसाचा थेंब गटारात जाऊ नये, जमिनीने प्यावा, म्हणून.

मी बॉस्टनजवळच्या एका गावात राहते आणि गेली चौदा वर्षं इथल्या एपिस्कोपल चर्चच्या ऑल्टर गिल्डमध्ये आहे. शनिवारी सकाळी साडेआठला कुलूप उघडायचं, रविवारची वेदी मांडायची, मागच्या रविवारची कापडं धुवून इस्त्री करायची. मी नवीन होते तेव्हा ऐंशीच्या घरातल्या एका बाईंनी मला हे सिंक दाखवलं आणि अगदी हळू आवाजात त्याचं काम समजावलं. मी म्हटलं, मला माहीत आहे हे. फक्त आमच्याकडे सिंक नव्हतं, मोगऱ्याची कुंडी होती.

आमच्याकडे म्हणजे पुण्याला, गुरुवार पेठेत, पंचहौदात. पंचहौद मिशन म्हटलं की पुष्कळांना १८९० सालचा तो चहा आठवतो, ज्याच्यावरून टिळक-रानड्यांचं प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. आमच्यासाठी पंचहौद म्हणजे पवित्र नाम देवालय, त्याचा उंच मनोरा, मनोऱ्यातल्या आठ घंटा आणि शनिवारची आईची पांढरी पिशवी. त्या पिशवीतून देवळातले रुमाल घरी यायचे. ते धुवायला एनॅमलचं वेगळं घमेलं होतं, त्यात दुसरं काही कधी भिजलं नाही. पहिलं पाणी गार. गरम पाण्याने द्राक्षारसाचा डाग पक्का बसतो. ते पाणी मोगऱ्याला जायचं. दुसऱ्या पाण्यात रिठे, तिसऱ्यात किंचित नीळ, मग गॅलरीतली दोरी. ती दोरी खाली रस्त्यावरून दिसायची आणि शेजारच्या काकू आपली धुणी त्या दिवशी दुसऱ्या बाजूला वाळत घालायच्या. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

पंचहौद उभं केलं ते काउली फादर्सनी. ऑक्सफर्डजवळच्या काउलीत १८६६ साली सुरू झालेला हा अँग्लिकन संन्याशांचा संघ. त्यांच्या बरोबरीने वाँटेजच्या सिस्टर्स. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली झाला तो या सिस्टर्सच्या वाँटेजला. मी अमेरिकेत आले तेव्हा मला कल्पनाही नव्हती, की त्याच काउली फादर्सचा मठ इथे केंब्रिजमध्ये, चार्ल्स नदीच्या काठावर आहे. एका नोव्हेंबरात चुकून त्या दारापाशी पोहोचले आणि पाटी वाचली. संघाचं पूर्ण नाव, सेंट जॉन दि इव्हँजेलिस्ट, मी लहानपणापासून मोठ्यांच्या तोंडी ऐकत आले होते. आत काळ्या झग्यातले ब्रदर्स संध्याकाळची स्तोत्रं म्हणत होते, एक ओळ या बाजूने, दुसरी त्या बाजूने. मी मागच्या बाकावर बसले आणि मला पुण्याच्या घंटांची इतकी आठवण आली, की उठताच येईना. तेव्हापासून दर लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या चाळीस दिवसांच्या उपासकाळात, एक दिवस तिथे जाऊन गप्प बसते.

एपिस्कोपल चर्च म्हणजे अमेरिकेतलं अँग्लिकन चर्च. क्रांतीनंतर इंग्लंडच्या राजाची शपथ घेणं शक्य नव्हतं, तेव्हा १७८९ साली फिलाडेल्फियाला त्यांनी आपली वेगळी घडी बसवली. आपल्याकडची अँग्लिकन मंडळी १९७० साली इतर काही मंडळ्यांबरोबर उत्तर भारतीय चर्चमध्ये एक झाली. दोघांचं नातं अजून घट्ट आहे, त्यामुळे पुण्याच्या पाद्रीसाहेबांचं पत्र मी इथे दाखवलं आणि पुढच्या रविवारी घरच्यासारखी वेदीपाशी गुडघे टेकले. फरक एवढाच, की भाकर हातावर ठेवणाऱ्या पाळकबाई होत्या. आई २०१७ साली आली तेव्हा तिने पहिल्यांदा एका स्त्रीच्या हातून प्रभुभोजन घेतलं. बाहेर येऊन बराच वेळ काही बोलली नाही. गाडीत बसल्यावर म्हणाली, "हात ऊबदार होते गं त्यांचे."

यंदा राखेचा बुधवार, लेंटचा पहिला दिवस, १८ फेब्रुवारीला आला. राख आम्हीच करतो. मागच्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी लोकांनी घरी नेलेल्या झावळ्या, क्रुसाच्या फ्रेमीमागे खोचून ठेवलेल्या, वर्षभरात पिवळ्या पडलेल्या, परत टोपलीत जमा होतात. आदल्या मंगळवारी संध्याकाळी हॉलमध्ये पॅनकेकची पंगत असते आणि त्याच वेळी मागच्या अंगणात, बर्फात जागा करून, लोखंडी तव्यावर आम्ही त्या जाळतो. मग खलायच्या, चहाच्या गाळणीतून गाळायच्या आणि ऑलिव्ह तेलाचा एक थेंब. पाणी घालायचं नाही. राखेत पाणी पडलं की ती क्षारासारखी झोंबते, कपाळ भाजू शकतं. हे मला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा आजीची चूल आठवली. राखेने घासलेली तिची पितळी भांडी, आणि थंडीत राखेने फुटलेले तिचे हात. माझ्या मनात राख म्हणजे आधी स्वच्छता, मरण नंतर.

बुधवारी सकाळी सातची उपासना. त्या दिवशीचं शुभवर्तमान मत्तयाच्या सहाव्या अध्यायातलं. उपास कराल तेव्हा तोंड धुवा, डोक्याला तेल लावा, लोकांना दिसू देऊ नका. आणि हे वाचून झाल्यावर लगेच लोक रांगेने पुढे जातात आणि सगळ्या गावाला दिसेल असा काळा क्रूस कपाळावर घेऊन बाहेर पडतात. या विसंगतीवर इथे दरवर्षी चर्चा होते. कोणी दाराबाहेर पडताच रुमालाने पुसतं, कोणी रात्रीपर्यंत ठेवतं. मी ठेवते. पुण्यात शाळेत असताना "तुझं कपाळ मोकळं का?" हा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकलाय. आमच्या घरात कुंकू लावत नसत. वर्गातल्या प्रत्येक मुलीच्या कपाळावर काहीतरी असायचं, कुंकू, गंध, कुणाच्या घरी गुरुवारचा अंगारा. वर्षातून एकच दिवस माझंही कपाळ भरलेलं असायचं आणि मी वेण्या मागे ओढून घट्ट बांधायचे, ते नीट दिसावं म्हणून. इथे ऑफिसात एका तेलुगू सहकाऱ्याने यंदा विचारलं, "कुठल्या देवळाचा अंगारा?" मी म्हटलं, आमच्याच. तो मान हलवून कामाला लागला. इतकं सोपं उत्तर मला शाळेत सुचायला हवं होतं.

राख लावताना पाळकबाई म्हणतात, तू माती आहेस आणि मातीला परत मिळशील. मग सगळे गुडघ्यावर आणि एक्कावन्नावं स्तोत्र. मला धू, म्हणजे मी बर्फाहून शुभ्र होईन. लहानपणी मला वाटायचं, हे बर्फ म्हणजे गोळेवाल्याकडचं, गोणपाटात गुंडाळलेलं, लाकडाचा भुसा चिकटलेलं. त्याच्याहून शुभ्र व्हायला फार धुवावं लागणार नाही. खरा बर्फ इथे पाहिला. पडतो तेव्हा तो शब्दशः त्या स्तोत्रातला असतो. पण फेब्रुवारीच्या मध्यावर तो रस्त्याकडेला ढीग होऊन पडलेला असतो, मीठ आणि डिझेल पिऊन राखाडी झालेला. उपासना संपवून पार्किंगकडे जाताना मी त्या ढिगांकडे बघते आणि ते स्तोत्र कुठल्या बर्फाबद्दल आहे हे दरवर्षी नव्याने ठरवावं लागतं.

लेंट लागला की ऑल्टर गिल्डचं काम तसं कमी होतं. फुलं नाहीत. वेदीवर जांभळं कापड. "हालेलूया" हा शब्द चाळीस दिवस उच्चारायचा नाही. लहान मुलांनी तो रंगीत अक्षरांत लिहिलेला फलक एका पेटीत ठेवून पेटी वेदीखाली सरकवतात, ती ईस्टरला उघडते. चाळीस दिवस मोजताना रविवार धरत नाहीत. पुनरुत्थानाच्या दिवशी उपास कसला? माझी आजी मात्र रविवारही धरायची. मटण-मासे बंद, चहात साखर बंद, आणि वाचलेले पैसे एका गडूत. उत्तम शुक्रवारी तो गडू देवळात रिकामा व्हायचा. इथे लोक एकमेकांना विचारतात, यंदा काय सोडलंस? चॉकलेट, वाइन, फोनवरचं काहीबाही. सुरुवातीला मला ते पोरकट वाटायचं. आता वाटत नाही. सोडलेली वस्तू किती लहान आहे हे सोडणाऱ्यालाच कळत असतं, आणि गावातला निम्मा समाज एकाच वेळी काहीतरी सोडून बसलाय ही भावना मला एकादशीच्या पुण्यातली ओळखीची आहे.

बुधवारी संध्याकाळी सूपची पंगत असते. कोणीतरी सूप आणतं, कोणी पाव, आणि जेवता जेवता एकाने एखाद्या भक्ताबद्दल बोलायचं. यंदा माझी पाळी होती. मी मसुराची आमटी नेली, गोडा मसाला आणि आमसूल घातलेली, आणि रमाबाईंबद्दल बोलले. इथल्या लोकांना ठाऊक नव्हतं, की त्यांच्या मदतीसाठी १८८७ साली याच बॉस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन निघाली होती आणि कॉपली स्क्वेअरच्या ट्रिनिटी चर्चचे फिलिप्स ब्रुक्स तिच्या उपाध्यक्षांपैकी एक होते. त्या पैशावर १८८९ साली मुंबईत शारदा सदन उभं राहिलं. रमाबाई ५ एप्रिल १९२२ ला केडगावला गेल्या. यंदाचा ईस्टर ५ एप्रिललाच आहे. हे सांगताना माझा आवाज जरा हलला. आमटीचं पातेलं मात्र पार निपटलं होतं, ते पाहून बरं वाटलं.

आता जे लिहायला बसले ते.

२०२० च्या मार्चमध्ये, लेंटच्या मध्यातच, देऊळ बंद झालं. पुन्हा उघडलं तेव्हा फक्त भाकर, प्याला नाही. कित्येक महिने धुवायला रुमालच नव्हते. मी तरी शनिवारी जायचे, इस्त्रीचा बोर्ड उघडून तशीच बसायचे. आधी मला लिपस्टिकच्या डागांचा फार राग यायचा. द्राक्षारस गार पाण्यात सुटतो, लिपस्टिक सुटत नाही, भांड्यांचा साबण लावून बोटाने चोळत बसावं लागतं. त्या रिकाम्या शनिवारांत मला त्या डागांची आठवण यायची. गुलाबी डाग क्वायरमधल्या आजींचा, विटकरी डाग शाळेत शिकवणाऱ्या बाईंचा. प्याला परत आला त्या आठवड्यात पहिला डाग मी किती तरी वेळ बघत उभी होते.

त्याआधी, २०२१ च्या लेंटमध्ये, आई गेली. पुण्यात दुसरी लाट चढत होती. मला जाता आलं नाही. सहा माणसं, पेटी आणि माती, हे मी फोनवर पाहिलं. चित्र मधूनमधून थांबायचं. पाद्रीसाहेबांचा हात मुठीतल्या मातीसकट हवेतच थांबला आणि पुन्हा सुरू झालं तेव्हा माती पडून गेली होती.

महिन्याभरात माझ्या धाकट्या भावाने आईची खोली रिकामी केली. तिची ट्रंक देऊन टाकली. त्या ट्रंकेत तिचे अर्धवट शिवलेले रुमाल होते, लेस होती, क्रूस भरायचा पांढरा रेशमी दोरा होता. मला विचारलं नाही. विचारायला एक फोन पुरला असता. त्यानंतर पाच वर्षं आम्ही वाढदिवसाच्या दोन ओळींच्या पलीकडे बोललो नाही. लोकांना मी सांगत आले, की आम्ही दोघंही कामात असतो.

राखेच्या बुधवारी एक लांबलचक पश्चात्तापाची प्रार्थना असते. आमच्या १९७९ च्या प्रार्थनापुस्तकातली. एकेक दोष मोठ्याने कबूल करायचा, आपला अधीरपणा, दुसऱ्याच्या सुखाचा हेवा, देवाने दिलेल्या सृष्टीची नासाडी. पण ही यादी सुरू व्हायच्याही आधी, अगदी पहिल्याच कबुलीत, एक वाक्य येतं, की आम्हाला जशी क्षमा झाली तशी आम्ही इतरांना केली नाही. पाच वर्षं मी ते वाक्य इतरांच्या आवाजात मिसळून म्हणत होते. यंदा त्या वाक्यावर माझा आवाज निघालाच नाही. शेजारच्या माणसाचा ऐकू येत राहिला.

एपिस्कोपल चर्चमध्ये पाळकापुढे कबुली देता येते, हे बऱ्याच सभासदांनाही माहीत नसतं. जुना दंडक असा, की मुभा सर्वांना, गरज काहींना, सक्ती कोणालाच नाही. पंचहौदात वाढल्यामुळे मला ती सवय आहे. लेंटच्या पहिल्या आठवड्यात मी पाळकबाईंपुढे बसले आणि ट्रंकेचं सगळं सांगितलं. मला वाटलं होतं त्या क्षमेबद्दल काही बोलतील. त्या म्हणाल्या, "क्षमेचं नंतर बघू. आधी फोन कर. आणि काहीतरी काम करता करता कर."

म्हणून शनिवारी, इस्त्री करता करता. इथले सकाळचे साडेआठ म्हणजे तिकडचे संध्याकाळचे सात. पहिला फोन चार मिनिटांचा झाला. हवा, त्याच्या मुलीची दहावी, माझे गुडघे. मध्येच तो म्हणाला,

"कसला आवाज येतोय?"

"इस्त्रीचा."

"शनिवारची?"

"हो."

पुढे काही बोलला नाही. मीही नाही. पण त्याने फोनही ठेवला नाही. मी दोन रुमाल संपवले. ओलसर असतानाच, उलट्या बाजूने, मग तीन घड्या आडव्या, तीन उभ्या, क्रूस वरच्या चौकोनात मधोमध.

दुसऱ्या शनिवारी तो म्हणाला, की आईचं पहिलं पाणी मोगऱ्यापर्यंत न्यायचं काम त्याचं होतं. घमेलं दोन्ही हातांनी धरून, गॅलरीच्या टोकापर्यंत, न सांडता. मला हे आठवतच नाही. माझ्या आठवणीत आई आहे, दोरी आहे, मी आहे. तो कुठेच नाही. पाच वर्षं मी मनात घोकत होते, की ट्रंकेत काय होतं हे त्याला काय कळणार.

तिसऱ्या शनिवारी मीच विचारलं. ट्रंक दिलीस, आत काय होतं ते पाहिलं होतंस का? तो म्हणाला, "उघडलीच नाही ताई. कडीला हात लावला की पुढे काही होईना. तशीच दिली." मी म्हटलं, "मला का नाही विचारलंस?" तो म्हणाला, "तू म्हणाली असतीस, उघड."

हे खरं आहे. मी तेच म्हणाले असते.

राग गेला असं मी लिहिणार नाही. ट्रंक नाही ती नाहीच. परवा रात्रीही तिच्यातल्या दोऱ्याची रिळं आठवून मी जागी होते.

उद्या, १५ मार्चला, लेंटचा चौथा रविवार. इंग्लंडात याला मातांचा रविवार म्हणतात. शुभवर्तमान योहानाच्या नवव्या अध्यायाचं, जन्मांध माणसाचं. येशू जमिनीवर थुंकतो, चिखल करतो, त्याच्या डोळ्यांना लावतो आणि म्हणतो, जा, शिलोह तळ्यात धू. इतकी वर्षं मी त्यातलं दिसू लागणं ऐकत आले. यंदा डोक्यात बसलंय ते मधलं, चिखल डोळ्यांवर घेऊन त्या आंधळ्याचं तळ्यापर्यंत चालत जाणं. कोणी हात धरला का, हे योहान सांगत नाही.

आज सकाळी ढिगात आईचा रुमाल होता. २०१७ साली येताना तिने दोन शिवून आणले होते, या देवळासाठी. त्यातला एक आता मधोमध विरलाय, उजेडाला धरला तर पलीकडची खिडकी दिसते. अशी कापडं कचऱ्यात टाकत नाहीत, जाळतात किंवा पुरतात. झावळ्यांबरोबर जाळायचा विचार केला होता, त्या मंगळवारी हात उचलला नाही. घड्याळं मागच्या रविवारी पुढे सरकलीत, त्यामुळे तिकडे आज सहाच वाजले होते, तो नुकताच बाहेरून आला होता. मी त्याला रुमालाचं सांगितलं. म्हटलं, देवळामागे मॅग्नोलियाखाली पुरायचाय, पण जमीन अजून दगडासारखी आहे, पहार लागत नाही. मऊ व्हायला एप्रिल उजाडेल.

"पुरशील तेव्हा फोन लाव," तो म्हणाला. "कितीही वाजलेले असू देत."

मग मी त्याला दुसऱ्या सिंकचं सांगितलं, मातीत सुटणाऱ्या पाइपाचं. त्याला ते नीट कळेना. मी फोन सिंकच्या कडेला ठेवला, झाकण उचललं आणि भांडं हळूहळू ओतलं. पाणी भिंतीतून खाली जाताना बराच वेळ ऐकू येत राहतं.